व्हिडिओ गेममधले मॉन्स्टर टेबलावर आणताना: नव्या डीएमसाठी

व्हिडिओ गेममधला मॉन्स्टर डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावरच्या, फाशांच्या खेळात आणायचा म्हटलं की नवा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधी त्याचे आकडे उतरवून घेतो. एचपी (जीव किती त्याचा आकडा) इतके, डॅमेज इतकं, वेग इतका. मग रविवारी दुपारी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या घरात चार मित्र जमतात, मधे चिवड्याचं ताट येतं, आणि तो मॉन्स्टर एकतर पहिल्याच राउंडला आडवा होतो किंवा दीड तास मरता मरत नाही. आकडे खरे असतात, पण ते दुसऱ्या खेळासाठी बसवलेले असतात. कन्सोलवर खेळाडूची बोटं किती चपळ आहेत ते पाहिलं जातं. टेबलावर बोटांना काही काम नाही, तिथे खेळाडू फक्त ठरवतो. त्यामुळे मॉन्स्टर खेळाडूला काय ठरवायला लावतो, तेवढं उचलायचं आणि बाकी सगळं नव्याने मांडायचं.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. पुस्तक विकत घ्यायची घाई नको. एसआरडी ५.१ हा मूळ नियमांचा संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उतरवून घेता येतो आणि त्यात शेकडो मॉन्स्टर आहेत. सात फाशांचा एक सेट लागेल. नकाशासाठी शालिमारला किंवा मेन रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा साधारण २२ × २८ इंचांचा कार्डशीट पुरतो. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखले की ११० × १४० फुटांचं रणांगण तयार होतं, कारण एक चौकोन म्हणजे ५ फूट. मिनिएचर नसतील तर रुपयाची नाणी ठेवा, चौकोनात नीट बसतात.

पायरी १: मॉन्स्टर एका वाक्यात लिहा

वाक्यात रूप नको, वर्णन नको. त्याच्यासमोर उभा राहिलेला खेळाडू काय विचार करतो ते लिहा.

माइनक्राफ्टमधला क्रीपर: तो फुटायच्या आत मारू की पळू?
सुपर मारिओमधला बू: नजर हटवली की हा जवळ येतो, मग पाहू कोणाकडे?
माइनक्राफ्टमधलाच एंडरमन: याच्या डोळ्यांत न बघता याच्या शेजारून जायचं कसं?

असं वाक्य सुचलंच नाही, तर तो मॉन्स्टर दिसायला सुंदर आहे, एवढंच. त्यात वाईट काही नाही. त्याच्यासाठी एसआरडीतला एखादा तयार मॉन्स्टर घ्या, वर्णन बदला आणि मोकळे व्हा. खरं तर टेबलावरच्या मॉन्स्टरची परंपराच अशी उसनवारीची आहे. आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट ही या खेळातली जुनी मंडळी स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेली आहेत. तेव्हा दुसरीकडून उचलताना संकोच नको, उचललेलं टेबलावर चाललं पाहिजे इतकंच.

पायरी २: सेकंदांचे टर्न करा

नवखे सर्वांत जास्त इथेच अडखळतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

टेबलावरचा एक राउंड सहा सेकंदांचा, आणि त्यात प्रत्येकाला एकच टर्न. माइनक्राफ्टमध्ये क्रीपर जवळ आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. कन्सोलवर दीड सेकंद पुरतो, खेळाडू उलट्या पावली पळतो. टेबलावर हा दीड सेकंद तसाच्या तसा आणला तर काय होतं? क्रीपर स्वतःच्या टर्नमध्ये येतो, फुसफुसतो, फुटतो, आणि मधे कोणालाच काही करता येत नाही. खेळाडूच्या दृष्टीने तो दुरून आलेला बाँब झाला. वाक्यातला "मारू की पळू" हा भाग गायब.

म्हणून नियम असा ठेवा: इशारा मॉन्स्टरच्या टर्नच्या शेवटी, वार त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला. मधल्या काळात टेबलावरच्या प्रत्येकाचा बरोब्बर एक टर्न येतो, आणि प्रत्येकाला काहीतरी ठरवावं लागतं. इशारा आणि वार यांत दोन राउंड ठेवू नका. चार खेळाडूंच्या टेबलावर दोन राउंड म्हणजे सहज वीस-पंचवीस मिनिटं, तोवर इशारा सगळे विसरलेले असतात.

इशारा देताना तीन गोष्टी स्वच्छ सांगायच्या: काय दिसतंय, कुठे होणार, कधी होणार. "तो काहीतरी करतोय" हा इशारा नव्हे. "रखवालदाराने हातोडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचललाय, नजर या तीन चौकोनांवर आहे, त्याचा टर्न आला की हातोडा खाली येणार" असं म्हणा आणि त्या तीन चौकोनांवर नाणी ठेवा. आमच्या मते इथे लपवाछपवीने काहीच हाती लागत नाही. धोका माहीत असूनही निवड अवघड असणं, यातच सगळी गंमत आहे.

अंतरंही याच वेळी बदलून घ्या. माइनक्राफ्टचा एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. खेळाडू ७ ब्लॉक लांब गेला की क्रीपर विझतो. ७ मीटर म्हणजे साधारण २३ फूट, चौकोनांत बसवायला २५ धरा.

पायरी ३: एचपी वारांवरून काढा

गेममधल्या एचपीचा आकडा विसरा. तो मॉन्स्टर गेममध्ये साधारण किती वारांत मरतो ते बघा आणि त्याला तुमच्या खेळाडूंच्या सरासरी डॅमेजने गुणा. पहिल्या लेव्हलचा खेळाडू एका वारात सरासरी ७ ते ८ डॅमेज करतो (१डी८+३, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ३, याची सरासरी साडेसात). तिसऱ्या लेव्हलला ९ धरायला हरकत नाही. तीन वारांत मरावा असं वाटत असेल तर पहिल्या लेव्हलला एचपी १६ ते २२ मध्ये कुठेतरी ठेवा, म्हणजे दोन वार कमी पडतात आणि तिसरा पुरतो.

आकडा फाशांतही बसवून घ्या. मध्यम आकाराच्या मॉन्स्टरला डी८, मोठ्याला डी१०, त्याहून मोठ्याला डी१२. ४डी८ ची सरासरी बरोब्बर १८ येते. फाशांत लिहून ठेवल्याचा फायदा ऐन खेळात कळतो, त्याबद्दल पुढे.

पायरी ४: तयार स्टॅट ब्लॉक शोधा, मग त्यातलं एक उलटं करा

कोऱ्या कागदावर सुरुवात करू नका, तयार स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरच्या आकड्यांचा आणि नियमांचा तक्ता) घ्या. एसआरडीत मॅग्मिन नावाचा छोटा आगीचा जीव आहे, सीआर (मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा) १/२. तो मेला की फुटतो: १० फुटांतल्या सगळ्यांना डीसी ११ चा डेक्स्टेरिटी सेव्ह (डी२० अधिक चपळाई, किमान ११ हवेत), चुकला तर २डी६ आगीचं डॅमेज, जमला तर निम्मं. क्रीपरला हाच स्फोट हवा आहे. पण मॅग्मिनला जवळून मारणं धोक्याचं असतं, क्रीपरला वेळेत मारलं तर सुटका होते. ही एक गोष्ट उलटी केली की क्रीपर उभा राहतो.

क्रीपर, मध्यम वनस्पती, सीआर १/४
एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १२, एचपी १८ (४डी८), वेग ३० फूट, डेक्स्टेरिटी +२, स्टेल्थ +४.
पावलांचा आवाज नाही. ॲटॅक नाही, त्यामुळे त्याच्या शेजारून निघताना मागून वारही बसत नाही.
फुसफुस (ॲक्शन): ५ फुटांत शत्रू असेल तर पेटतो. त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला २५ फुटांत एकही शत्रू उरला नसेल तर विझतो. असेल तर फुटतो आणि मरतो: १० फुटांतल्या सगळ्यांना डीसी ११ डेक्स्टेरिटी सेव्ह, २डी६ आग, सेव्ह जमला तर निम्मं.
त्याआधी मारला गेला तर फुटत नाही.
मांजर दिसली तर तिच्या २० फुटांत येत नाही.

मांजराचा नियम गेममधून जसाच्या तसा आलाय आणि तो ठेवाच. पहिल्या लेव्हलचा विझार्ड मांजर फॅमिलिअर (जादूचा सोबती प्राणी) बोलावू शकतो, आणि ज्या खेळाडूला ते आठवेल त्याचा तो दिवस सोन्याचा होतो.

आता हिशेब तपासू. +५ ने मारणाऱ्या (डी२० वर ५ मिळवणाऱ्या) खेळाडूला एसी १२ वर वार सत्तर टक्के वेळा लागतो. चौघांनी मिळून एका क्रीपरवर वार केले तर किमान तीन लागण्याची शक्यता साधारण ६५ टक्के, म्हणजे मारायचं ठरवलं तर तीनांतून दोनदा जमतं. जुगार खेळावासा वाटतो आणि भीतीही राहते. डॅमेज २डी६ च ठेवा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे एचपी आठच्या आसपास असतात, सेव्ह चुकला तर दहांतून चारदा तो आडवा होईल. हेच ३डी६ केलंत, तर पूर्ण एचपी असलेला विझार्डही एका फटक्यात, सावरायची संधी न मिळता, मरू शकतो, कारण उरलेलं डॅमेज त्याच्या कमाल एचपीइतकं झालं की डेथ सेव्हच मिळत नाहीत. पहिल्या सेशनला नवा खेळाडू असा गेला तर तो दुसऱ्या सेशनला येत नाही.

पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर दोन क्रीपर सोपे जातात. तीन ठेवले तर अधिकृत हिशेबाने लढाई अवघड गटात जाते: ५० एक्सपी (अनुभवाचे गुण) गुणिले ३, आणि तीन मॉन्स्टरसाठी दुप्पट, म्हणजे ३००.

तरीही एक मोठी फट उरते. मोकळ्या मैदानात क्रीपर फुसफुसला की सगळे तीन चौकोन चालत लांब जातात आणि लढाई संपते. मॉन्स्टरला जागा लागते, आणि नाशिककराला त्यासाठी लांब शोधायची गरज नाही. दिंडोरी किंवा पिंपळगावकडची द्राक्षबाग घ्या. वेलींच्या दोन रांगांमध्ये साधारण ९ ते १० फूट, म्हणजे नकाशावर दोन चौकोनांची गल्ली. गल्लीतून सरळ पळणं सोपं, पण रांग ओलांडायची तर तारा, खांब आणि वेली आडव्या येतात, त्यासाठी ५ फूट जास्तीचे मोजा. रांगेपलीकडच्या माणसाला निम्मा आडोसा, म्हणजे एसी आणि डेक्स्टेरिटी सेव्हला +२. मांडव डोक्यावर सहा-सात फुटांवर, त्यामुळे उंच उडी किंवा झोपाळ्यासारखे पराक्रम बंद. आता गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक क्रीपर ठेवा आणि तिसरा शेजारच्या गल्लीत. पळायचं कुठे हा खरा प्रश्न झाला.

ऋतूही वापरा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी असते, क्रीपर लांबून दिसतात, नव्या खेळाडूंसाठी बरं. जानेवारीत घड लगडलेले असताना मांडवाखाली सावली दाट असते, नजरेने शोधायच्या परसेप्शन रोलला डिसॲडव्हांटेज द्या (दोन डी२० टाकून लहान आकडा धरायचा). बाग तीच, स्टॅट ब्लॉक तोच, पण लढाई वेगळी.

पायरी ५: कॅमेऱ्यावर चालणारे मॉन्स्टर

बू १९८८ च्या सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्ये आला. मारिओचं तोंड त्याच्याकडे असलं की तो हातांनी चेहरा झाकून थांबतो, पाठ फिरली की पाठलाग करतो. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत मात्र कोणाचं तोंड कुठे हे मोजलंच जात नाही, सगळे चहूकडे बघत असतात असं धरलं जातं. तो नियम या एका लढाईपुरता आणावा लागतो.

प्रत्येक खेळाडूला एक आगकाडी द्या. टर्नच्या शेवटी त्याने ती आपल्या नाण्यापासून ज्या बूकडे नजर आहे त्या दिशेला ठेवायची. एका वेळी एकच बू, ६० फुटांच्या आत, आणि मधे भिंत नको. किमान एकाची नजर ज्याच्यावर आहे तो बू हलत नाही, वार करत नाही, पण धूसर होतो आणि त्याला निम्मंच डॅमेज होतं. पूर्ण डॅमेज करायचं तर त्याला जवळ येऊ द्यावं लागतं: नजर हटवायची, रेडी ॲक्शन घ्यायची, आणि तो पुढ्यात आला की मारायचं. टेबल हे दुसऱ्या राउंडला ओळखतं, आणि पुढची लढाई खेळाडू आपापसांत ठरवूनच लढतात.

आधार म्हणून एसआरडीतला शॅडो घ्या (एसी १२, एचपी १६, +४ ने वार), पण दोन गोष्टी काढूनच टाका. एक, ताकद शोषण्याचा नियम: स्ट्रेंग्थ शून्य झाली की माणूस थेट मरतो, आणि खालच्या लेव्हलला स्ट्रेंग्थ ८ चा विझार्ड तीन-चार फटक्यांत तिथे पोचतो. दोन, साध्या शस्त्रांना असलेला रेझिस्टन्स (निम्मंच डॅमेज होणं): जादूचं शस्त्र नसलेल्या टोळीसाठी त्याने एचपी दुप्पट होतात, आणि आपला नजरेचा नियम त्यावर चढला की लढाई संपतच नाही. वाराचं डॅमेज १डी६+२ थंडीचं ठेवा. सीआर १/४ धरा.

बूंची संख्या खेळाडूंपेक्षा एकाने जास्त हवी. चार खेळाडू आणि चार बू असले तर प्रत्येकजण एकेकाला धरून बसतो आणि लढाई गोठते. पाच ठेवा, म्हणजे कोणीतरी एक कायम मोकळा. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांना ही मध्यम लढाई पडते.

जागेसाठी पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याचा, गौतमीपुत्र विहाराचा आराखडा मापाने घेण्यासारखा आहे. दालन ४१ फूट रुंद, ४६ फूट खोल, म्हणजे आठ बाय नऊ चौकोन. भोवती अठरा खोल्या: उजवीकडे सात, मागे सहा, डावीकडे पाच. प्रत्येक खोली एका चौकोनाची धरा. खोलीत शिरलेला बू कोणालाच दिसत नाही, त्यामुळे नजरेचा खेळ रंगतो. लेणी बौद्ध भिक्खूंच्या निवासाची आणि संरक्षित आहेत. आराखडा घ्या, गोष्टीतलं नाव-गाव काल्पनिक ठेवा, आणि मापं घ्यायला गेलात तर खडूने तिथे काही आखू नका.

पायरी ६: बॉस

गेममधला बॉस एकटा असतो आणि समोरही एकटाच खेळाडू असतो. टेबलावर समोर चौघं, म्हणजे बॉसच्या एका टर्नला त्यांचे चार. एकटा मोठा मॉन्स्टर टेबलावर पुळचट वाटतो त्याचं कारण हेच, आणि नुसते एचपी वाढवल्याने ते सुटत नाही, लढाई फक्त लांबते.

तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी दगडी रखवालदार बांधून बघू. आधार ओगर: एसी ११, एचपी ५९, +६ ने वार, २डी८+४ डॅमेज. लढाई चार राउंड चालावी असं ठरवा. रखवालदाराचा एसी १४ करा: चार राउंडांत सोळा वार, त्यावर +५ ने साठ टक्के लागतात, म्हणजे साडेनऊच्या आसपास, प्रत्येकी ९ डॅमेज. एचपी ८५ (१०डी१०+३०) छान बसतात.

त्याच्या टर्नला दोन वार, प्रत्येकी सरासरी १३, आणि दोन्ही एकाच माणसावर करायचे नाहीत. शिवाय राउंडमध्ये एकदा, कुठल्याही खेळाडूच्या टर्ननंतर, एक लाथ: १डी६+४ आणि १० फूट मागे ढकलणं. ही लाथ फार कामाची आहे. बॉस सतत जागा असल्यासारखा वाटतो आणि खेळाडू एका जागी खिळून राहत नाहीत. राउंडची बेरीज ३३. आता सीआर काढा: २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातल्या तक्त्यात ८५ एचपी सीआर १ च्या ओळीत येतात (७१ ते ८५), ३३ डॅमेज सीआर ५ च्या ओळीत (३३ ते ३८), तिथला अपेक्षित वारही +६ च आहे. दोन्हींची सरासरी सीआर ३, एक्सपी ७००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना मध्यम. एसी किंवा वाराचा आकडा तक्त्यापेक्षा दोनने वेगळा असेल तर त्या बाजूचा सीआर एकाने सरकवायचा, एवढा नियम लक्षात ठेवा.

आता इशाऱ्याचा मोठा वार. दर दुसऱ्या राउंडला रखवालदार एकच वार करतो आणि टर्नच्या शेवटी हातोडा उचलून तीन चौकोन निवडतो. पुढच्या टर्नच्या सुरुवातीला तिथे उभ्या असलेल्यांना डीसी १३ डेक्स्टेरिटी सेव्ह, ४डी८ डॅमेज, जमला तर निम्मं. हातोडा उचलणं हाच त्याचा पूर्ण टर्न करू नका. सगळे बाजूला झाले तर बॉसचा राउंड वाया जातो आणि तो बावळट दिसतो. एक वार आधी झालेला असला की तसं होत नाही. हातोडा खाली आला की जमिनीत रुततो, आणि रखवालदाराचा तो टर्न संपेपर्यंत नव्हे तर त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावरच्या वारांना ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरायचा). इशारा वाचून जागा सोडली त्याचं हे बक्षीस, आणि ते रोख मिळायला हवं.

बाजूला व्हायला जागा ठेवा. हरिहर गडासारख्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर बॉस मांडण्याचा मोह होतो, चित्र जबरदस्त आहे. पण तिथे खेळाडूला फक्त वर किंवा खाली जाता येतं, त्यामुळे इशारा ऐकूनही करण्यासारखं काही उरत नाही. पायऱ्यांवर धावपळ किंवा पाठलाग ठेवा, बॉस माथ्यावर.

दुसरा टप्पा निम्म्या एचपीवर, म्हणजे ४२ ला. गेममध्ये अनेकदा एचपीची पट्टी पुन्हा भरते. टेबलावर ते करू नका, तासाभराची मेहनत पुसली गेल्यासारखं वाटतं. एक सवय बदला: तीनऐवजी पाच चौकोन, किंवा लाथेऐवजी हातोड्याच्या धक्क्याने आजूबाजूचे सगळे खाली पडणं. एकच.

पायरी ७: टोळीला स्वभाव द्या

हे थोडक्यात, पण याचा फायदा दर सेशनला होतो. १९८० च्या पॅकमॅनमधली चार भुतं वेगाने जवळपास सारखी, फरक फक्त सवयींचा. लाल थेट मागे लागतं. गुलाबी खेळाडूच्या चार घरं पुढची जागा धरतं. निळं लाल भुताच्या हिशेबाने विरुद्ध बाजूला जायला बघतं. नारिंगी आठ घरांच्या आत आलं की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चार साधे गॉब्लिन घ्या (एसी १५, एचपी ७, सीआर १/४) आणि हेच स्वभाव वाटून द्या: एक सर्वांत जवळच्यावर धावतो, एक दार अडवायला जातो, एक पहिल्याच्या समोरच्या बाजूने येतो, आणि चौथा ४० फुटांच्या आत आला की मागे सरकून धनुष्य चालवतो. एकही आकडा न बदलता टोळी हुशार वाटते, आणि डीएमलाही प्रत्येक टर्नला नव्याने विचार करावा लागत नाही.

पायरी ८: एकट्याने चाचणी

सेशनच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा. चारही खेळाडूंचा एसी, एचपी, वाराचा बोनस आणि सरासरी डॅमेज कागदावर लिहा. फक्त डी२० टाका, डॅमेजला सरासरी घ्या, तीन राउंड चालवा. मग सगळं पुसून पुन्हा एकदा. पाहायचं एवढंच की मॉन्स्टरची खास गोष्ट (स्फोट, नजर, हातोडा) घडायची वेळ आली का. दोन्ही वेळा आली नाही तर तो फार लवकर मरतोय किंवा फार लांब उभा आहे: एचपी एका फाशाने वाढवा, नाहीतर सुरुवातीचं अंतर ३० फुटांवर आणा. पहिल्याच राउंडला कोणी पडलं तर डॅमेजचा एक फासा कमी करा. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही.

तरी टेबलावर अंदाज चुकतोच, आणि फाशांत लिहिलेले एचपी इथे कामाला येतात. ४डी८ म्हणजे ४ ते ३२ मधला कुठलाही क्रीपर कायदेशीर. लढाई रेंगाळली तर पुढच्या क्रीपरला १२ द्या, फार पटकन संपत असेल तर २४. पण ज्याच्यावर वार पडायला सुरुवात झाली आहे त्याचे एचपी हलवू नका. खेळाडू मनात बेरीज करत असतात आणि त्यांना ते कळतं.

घरच्या खेळात क्रीपरला क्रीपर म्हणा, बूला बू म्हणा. आपले मॉन्स्टर पीडीएफ करून विकायचे किंवा जाहीर वाटायचे असतील तर मूळ गेमची नावं, चित्रं आणि ओळखीची रूपं काढून टाका. उरलेला स्फोटाचा, नजरेचा, हातोड्याचा नियम तुमचा. एसआरडीतला मजकूर घेतला असेल तर त्यात दिलेली श्रेयाची ओळ पहिल्या पानावर जशीच्या तशी छापा.